निरवांगीहून पुण्याला, एसी चालू ठेवून

मे महिन्यात ज्यांना जमतं ते महाबळेश्वरला जातात. मी बरीच वर्षं बारामती आणि इंदापूरला जात होते, तेही ऐन दुपारच्या एसटीनं. पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी गाड्यांच्या एसीचं वायरिंग बघायचे. नव्वदीच्या त्या वर्षांत कंपनीतूनच एसी घेऊन येणाऱ्या गाड्या थोड्या होत्या. बाकीच्यांना वर्कशॉपमध्ये बाहेरून एसी बसवून द्यायचे. उन्हाळा तापला की त्या भागातून तक्रारी यायला लागायच्या. चार-पाच साठल्या की मालक मला हत्यारांची पिशवी देऊन स्वारगेटला पाठवायचे.

हे काम मला मानवत होतं, कारण मला एका जागी बसवत नाही. लहानपणी पंगतीतूनसुद्धा मी मध्येच उठायचे. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. पण एसीतला विजेचा बिघाड असा असतो की तो कधीकधी माणसाला नुसता बसवून ठेवतो. एका वर्षीच्या फेरीत मला तेच करावं लागलं, आणि ते किती अवघड असतं हे कळलं. तीच हकीकत सांगते.

बारामती

सुरुवातच वाईट झाली. मोरगावच्या पुढं एसटी एका खड्ड्यात अशी आदळली की वरच्या फळीवरची माझी पिशवी खाली आली. बारामतीच्या स्टँडवर उतरून बघते तर मीटरची काच फुटलेली, काटा वाकलेला. आता वीज कुठवर पोचते हे बघायला माझ्याकडे एकच साधन उरलं होतं. इंडिकेटरचा छोटा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. बल्ब पेटला तर वीज आली, नाही पेटला तर मागं शोधत जायचं. जुने लोक यावरच आयुष्य काढायचे, पण मला मीटरची सवय होती. हात अपुरे पडल्यासारखं वाटत होतं.

बारामतीतलं पहिलं काम एका वकिलांच्या गाडीचं होतं. पंखा फक्त शेवटच्या नंबरावर चालायचा, आणि कोर्टातून घरी येईपर्यंत वकिलांचे कागद गाडीभर उडायचे. पंख्याचा वेग कमी करणारी तार जळाली होती. ती बदलून झाली तरी मला निघता येईना, कारण वकीलीणबाईंनी ताट वाढलं होतं. आमच्या पुण्यात कामाला आलेल्या माणसाला पाणी विचारलं तरी पुष्कळ. इकडं न जेवता निघणं हा घराचा अपमान. फक्त मला कुठं बसवायचं हा पेच दर घरी पडायचा. मेकॅनिक म्हटला की तो ओसरीवर जेवणार, आणि बाई म्हटली की ती आत जेवणार. वकिलांनी आधी ओसरीवर पाट मांडायला सांगितलं, मग स्वतःच तो उचलून आत नेला. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, मेथीची गरगटी भाजी. मी भराभर जेवले.

तिथंच मालकांचा फोन आला. निरवांगीहून कुणीतरी दोनदा वर्कशॉपला फोन केला होता. गाडी आपण बसवलेल्या एसीची नाही, सेकंडहँड घेतलेली आहे, पण माणूस फार अडलेला दिसतो, बघून ये म्हणाले. वालचंदनगरच्या स्टँडवर गाडी घेऊन कुणी तात्या उभे राहतील.

निरवांगी

वालचंदनगरला उतरलं की वाटतं, चुकून दुसऱ्याच मुलखात आलो. सरळ रेषेत आखलेले रस्ते, एकसारखी क्वार्टर्स, मोठाली झाडं, आणि सगळ्यावर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास. स्टँडच्या बाहेर एक लांबडी डिझेल गाडी उभी होती. तिच्या शेजारी पन्नाशीचे, पटका बांधलेले तात्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं. मेकॅनिक आणखी कुणी उतरतोय का ते बघत होते. कुणी उतरेना तेव्हा म्हणाले, "चला म्याडम," आणि पिशवी उचलून घेतली.

गाडीच्या मागच्या सीटा काढून तिथं लाकडी फळी आणि वर गादी टाकली होती. एसी तर उत्तम चालत होता. काय बिघडलंय म्हणून मी विचारलं. तात्या म्हणाले, "चालतंय तवर झ्याक चालतंय. एकदा का बंद पडला, की मग काय बी करा, सुरू होत न्हाय. दुसऱ्या दिशी परत आपला चालू."

जी वस्तू सरळ बिघडते ती दुरुस्त करता येते. कधी बिघडते, कधी चालते, तिला हात कुठं घालायचा?

घरी पोचल्यावर गादी कशासाठी ते कळलं. तात्यांचा धाकटा भाऊ सोपान ओसरीच्या आतल्या खोलीत खाटेवर होता. पस्तिशीचा असेल. या घरात पूर्वी मेंढरं होती. मग पाणी आलं तशी शेती, आणि थोड्या शेळ्या उरल्या. त्या शेळ्यांसाठी चिंचेचा पाला तोडताना सोपान वरून पडला होता. मान मोडली. मानेखाली शरीर त्याच्या ताब्यात राहिलं नव्हतं. त्याची बायको कमल मला हे सांगत असताना एकीकडं ओलं फडकं पिळून त्याच्या छातीवर फिरवत होती. खिडकीला वाळ्याचा पडदा होता, त्यावर सारखं पाणी मारलेलं.

मला वाटलं, उकडतंय म्हणून. पण तसं नव्हतं. त्याच्या अंगाला घामच येत नव्हता. आपल्याला उकडलं की घाम येतो आणि अंग निवतं. त्याचं अंग बाहेरच्या हवेबरोबर तापत जायचं, दगड तापावा तसं. आता पाठीला जखम झाली होती, ती चिघळली होती, आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करायचं ठरलं होतं. एप्रिलमध्ये त्याला घेऊन निघाले होते. भिगवणच्या अलीकडं एसी बंद पडला. सोपानला इतका ताप चढला की त्याचे डोळे फिरले. एका देवळात त्याला संध्याकाळपर्यंत पाण्यानं भिजवत ठेवलं आणि तसंच माघारी आणलं. रात्री का जात नाही, असं मी विचारलं. तात्यांना समोरच्या ट्रकच्या दिव्यांत रस्ता दिसत नव्हता, आणि खड्ड्यांतून त्या मानेला सांभाळून नेईल असा दुसरा ड्रायव्हर मिळत नव्हता.

उरलेल्या शेळ्या विकून, वर कर्ज काढून तात्यांनी ही गाडी घेतली होती, केवळ तिला एसी आहे म्हणून. हे तात्यांनी नाही, सोपाननं सांगितलं. त्याचा आवाज हळू होता पण स्पष्ट होता. "परवा पुण्याला खाट मिळणार हाय," तो म्हणाला. "थंड खोली दिलीया. हुकली तर पुन्हा कवा मिळंल सांगता येत न्हाय."

मी बॉनेट उघडलं. एसीच्या कंप्रेसरवर पुढच्या बाजूला एक लोखंडी चकती असते. एसी चालू केला की मागच्या कॉइलमध्ये वीज जाते, तिचं चुंबक होतं, ते चकतीला ओढून घेतं. टक् असा आवाज येतो आणि कंप्रेसर फिरायला लागतो. आत पुरेसं गार झालं की वीज तुटते, चकती सुटते. थोड्या वेळानं पुन्हा टक्. एसी चालू असताना हा खेळ सारखा चाललेला असतो.

त्या दिवशी मी फ्यूज बघितला, रिले बदलून बघितला, गॅसच्या दाबाचा स्विच बघितला, वायर न् वायर हलवून बघितली. बल्ब सगळीकडं पेटत होता. शेवटी कंप्रेसरची अर्थिंगची वायर जिथं गाडीच्या पत्र्याला कसली होती तिथं हिरवा गंज सापडला. कानशीनं घासून ती जागा लख्ख केली, नवीन टोक लावलं, घट्ट कसलं. मग संध्याकाळी तात्यांबरोबर वालचंदनगरपर्यंत जाऊन आले. टक्, टक्, एकदाही चुकला नाही. तात्यांचा चेहरा सैल झाला. घरी कमलनं हुलग्याचं माडगं केलं होतं. कढत, लसणाच्या फोडणीचं. ते मी आयुष्यात पहिल्यांदा प्यायले.

मला मात्र चैन पडेना. गंज सापडला होता हे खरं, पण तो फार लवकर सापडला होता. शिवाय एप्रिलमध्ये गाडी बंद पडली ती दुपारी, आणि मी तपासली ती वारा सुटल्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती दारात उभी करून चालू ठेवली. मी आत बसून टक् मोजत होते, आणि घटकाभरातच डिझेल संपत आलं. पंपावर जाऊन येईपर्यंत ऊन उतरलं. काही सापडलं नाही. मी अंगणात येरझारा घालत होते ते बघून कमल म्हणाली, "ताई, तुमी बसा की जरा. तुमास्नी बघून माझाच जीव खालीवर व्हायलाय."

माझी पुण्याची एसटी इंदापूरहून होती. मी तात्यांना सांगितलं, एसटी नको, मी तुमच्याबरोबर गाडीतूनच येते. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. बहुतेक त्यांनाही तेच हवं होतं.

पहाटे निघायचं होतं म्हणजे ऊन चढायच्या आत पुणं गाठता आलं असतं. पण पहाटे सोपानची लघवीची नळी तुंबली. त्यामुळं त्याचं डोकं दुखून फुटायला लागलं, चेहरा लालबुंद झाला. वालचंदनगरहून डॉक्टर आणून नळी बदलेपर्यंत सूर्य डोक्याकडं सरकला होता. डॉक्टर म्हणाले, जखम बघता थांबणंही बरं नाही. तात्या किल्ली हातात फिरवत राहिले. एप्रिलची दुपार त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हती. सोपाननं माझ्याकडं डोळे वळवले आणि गाडी दुरुस्त झाली का म्हणून विचारलं.

मी म्हणाले, "मला एक बिघाड सापडला. तो शेवटचाच आहे, असं मला सांगता येणार नाही."

त्यानं डोळे तात्यांकडं वळवले. मग म्हणाला, "तात्या, काढा गाडी."

पळसदेव

इंदापूर मागं पडेपर्यंत सगळं ठीक होतं. आम्ही हमरस्त्याला लागलो. मी पुढं बसले होते, कान बॉनेटकडं. मागं कमल सोपानचं डोकं दोन्ही हातांत धरून बसली होती. बाहेर उसाचे फड आणि मधूनमधून उजनीचं पाणी, इतकं उतरलेलं की कडेला भेगाळ चिखल आणि लांबवर पाण्याबाहेर आलेला देवळाचा कळस दिसत होता. चकती सुटली. मी वाट बघायला लागले. टक् झालं नाही. पंखा चालूच होता, पण झोतातला गारवा कमी होत गेला आणि मग नुसती गरम हवा यायला लागली.

कुणी काही बोलण्याआधीच तात्यांनी गाडी कडेला घेतली. पळसदेवच्या शिवारात रस्त्यालगत एक मोठं कडुलिंबाचं झाड होतं. त्याखाली मासळीवाल्यांच्या पेट्या, तागाची पोती आणि एक म्हातारे आबा बसलेले. आम्ही फळीसकट सोपानला उतरवून सावलीत ठेवलं. आबांनी काय झालं एवढंच विचारलं. मग पोतं बाजूला करून पेटी उघडली, आणि माशांवरचा बर्फ ओंजळीनं काढून द्यायला लागले. कमल म्हणाली, उघडा बर्फ लावायचा नाही. त्याला गार लागलेलं कळत नाही, कातडी मरंल. तिनं आपल्या लुगड्याचा धडपा फाडला, त्यात बर्फ गुंडाळून काखेत, मानेशी ठेवायला लागली. आबा पोती भिजवून आणत होते.

मी बॉनेट उघडलं. इंजिन चालूच ठेवायला सांगितलं होतं. तात्या रस्त्यापलीकडून पाण्याची बादली भरून आणत होते. मागच्या वेळी रात्रीत गार झाल्यावर एसी दुसऱ्या दिवशी आपोआप चालू झाला होता, म्हणून पाणी मारून गार करायचा त्यांचा विचार होता. आणि ते खरं होतं. पाणी मारलं असतं तर तो चालू झाला असता. काही मैल. मग पुन्हा बंद, आणि तिथं ना सावली असती ना बर्फ.

मी बादलीच्या आडवी झाले. "तात्या, पाणी नका मारू. तो बिघडलेला आहे तोवरच मला सापडेल. गार झाला की पुन्हा लपून बसेल."

तात्यांचा आवाज चढला. "तकडं माझा भाऊ तापतुया, आन् तुमी तपासत बसणार?"

त्यांचं काही चूक नव्हतं. सावलीतून सोपान बोलला, श्वास तोडत. "तात्या. बघू द्या त्यांस्नी."

तात्यांनी बादली खाली ठेवली. मग तीच उचलून सोपानकडं घेऊन गेले.

मी बल्ब लावला. चकतीच्या मागच्या कॉइलला जाणाऱ्या वायरीवर तो लख्ख पेटला. अर्थिंग ठीक. म्हणजे वीज पोचत होती, चुंबक होत होतं, आणि तरी चकती जागची हलत नव्हती. मी वाकून बघितलं. चकती आणि तिच्या मागच्या, पट्ट्यानं फिरणाऱ्या पुलीच्या मधली फट मला नेहमीपेक्षा मोठी वाटली. मासळीच्या पेटीची एक फळकुटाची काडी घेतली आणि पट्ट्याला जपून चकती नुसती ढकलली. टक्. कंप्रेसर फिरायला लागला.

मग एकदम उलगडलं. वर्षानुवर्षं घासून फट वाढली होती. गार असताना कॉइलला जोर असायचा, ती एवढ्या अंतरावरूनही चकतीला ओढून घ्यायची. उन्हानं आणि इंजिनाच्या गरमीनं कॉइल तापली की तिचा जोर कमी व्हायचा आणि चकती हाताशी असून लांब राहायची. म्हणूनच ती सकाळी चालायची आणि दुपारी दगा द्यायची.

मी इंजिन बंद करायला सांगितलं. मधला बोल्ट सोडवला. चकती बाहेर येईना. दोन स्क्रू ड्रायव्हर दोन बाजूंनी घालून रेटली तेव्हा ती सुटली आणि तापलेली चकती माझ्या बोटांवर आली. बोटं पोळली हे नंतर लक्षात आलं. चकतीच्या मागं, मधल्या दांड्यावर, पातळ वॉशर असतात. त्यांच्यावरच ती फट ठरते. तिथं तीन होते. त्यातला एक काढला. पुन्हा बसवताना बोल्ट घामानं ओल्या बोटांतून निसटून खाली फुफाट्यात पडला. मी गुडघ्यावर बसून चाचपायला लागले. शेजारी तात्या येऊन बसले, आणि दोघं माती चाळत राहिलो. तो त्यांना सापडला. त्यांनी धोतराला पुसून माझ्या हातात दिला.

मागं कमलनं थर्मामीटर वर धरून बघितला आणि बर्फाची दुसरी पुरचुंडी बांधायला घेतली. सोपानचे डोळे अर्धे मिटले होते. ती त्याला बोलतं ठेवायला बघत होती. शेळ्यांची नावं विचारत होती. तो एकेक सांगत होता, मध्येच थांबत होता.

बोल्ट कसला. फटीत पिशवीतलं, घरून आलेलं एक पोस्टकार्ड घालून बघितलं, ते अंग चोरून आत गेलं. इतकीच फट हवी होती. इंजिन चालू. सगळं अजून तितकंच तापलेलं होतं. मी तात्यांना म्हटलं, आता एसी लावा.

टक्.

मी बंद करायला सांगितला, पुन्हा लावायला सांगितला. टक्. असं किती वेळा केलं आठवत नाही. गाडी आतून गार होईपर्यंत सोपानला सावलीतच ठेवलं, मग सगळ्यांनी मिळून फळी आत सरकवली. आबांनी उरलेला बर्फ पोत्यात बांधून आत ठेवला. तात्या त्यांना पैसे देऊ लागले तर आबा म्हणाले, "आधी पोचा. परत येतानी मासळी घ्या, मग द्या." आणि ते पाण्याकडं तोंड करून पुन्हा आपल्या जागी बसले.

पुणे

पुढच्या रस्त्याचं मला फारसं काही सांगता येणार नाही. मी तो पाहिलाच नाही. चकती सुटली की मी श्वास धरायचे, टक् झालं की सोडायचे. तात्याही तेच करत होते हे मला त्यांच्या स्टिअरिंगवरच्या बोटांवरून दिसत होतं. पाटस गेलं, यवत गेलं. लोणीच्या आसपास मागून सोपानचा आवाज आला. त्याला थंडी वाजत होती. तोंडाला गार झोत लागतोय, जरा कमी करा म्हणत होता. कमल हसली आणि लगेच रडली. तात्यांनी बटणाकडं हात नेला आणि तसाच मागं घेतला. शेवटी मीच झोत वर वळवला. एसीला हात लावला नाही.

दवाखान्यात थंड खोली अजून राखून ठेवलेली होती. थोड्या दिवसांनी सोपानचं ऑपरेशन झालं. जखम भरायला सगळा पाऊसकाळ गेला, पण भरली. जूनमध्ये हवा गार झाल्यावर तात्यांनी दोघांना घरी नेलं. तोवर मी दुसऱ्या फेरीवर होते, त्यामुळं भेट झाली नाही. पुढं निरवांगीहून वर्कशॉपला फोन यायचा तो कमलचा, आणि ती एसीबद्दल विचारायची नाही. माडगं जमतं का म्हणून विचारायची.

पण त्या दिवशी दवाखान्याच्या पोर्चमध्ये जे झालं ते सांगून थांबते. वॉर्डबॉय सोपानला स्ट्रेचरवरून आत घेऊन गेले. कमल त्याच्याबरोबर गेली. मी पिशवी खांद्याला लावली आणि वळून बघितलं तर गाडी तशीच उभी. मागचा दरवाजा सताड उघडा, गादी रिकामी, इंजिन चालू, एसी चालू. तात्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेले. वॉचमन गाडी हलवा म्हणून हातवारे करत होता.

मी खिडकीशी गेले आणि म्हणाले, "तात्या, सोपानराव आत पोचले. आता बंद करा."

"व्हय," ते म्हणाले. हात मात्र हलला नाही.

थोड्या वेळानं त्यांनी बटण फिरवलं. चकती सुटल्याचा आवाज आला आणि गाडीत फक्त इंजिनाची घरघर राहिली. ते तसेच ऐकत बसले. मग त्यांनी बटण पुन्हा फिरवलं.

टक् झालं. तात्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. वॉचमन जवळ आला, त्यांच्याकडं बघून थबकला, आणि मागच्या गाडीला दुसऱ्या बाजूनं जायची खूण करायला लागला.